काळी पिल्ले आणि 'दत्तक' शब्दातला देणारा

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, रद्दीच्या गठ्ठ्यांमागे, एक भटकी मांजर व्यायली. तीन पिल्ले, तिन्ही काळी. पाच-सहा दिवसांनी ती मांजर दिसेनाशी झाली. 'मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, ती येईल परत,' असे शेजारच्या आजींनी सांगितले. त्यात तथ्य असते. म्हणून पिल्लांना हात न लावता आम्ही दुरून वाट पाहिली. संध्याकाळ झाली, पिल्लांचे ओरडणे बारीक होत गेले, आणि रात्री उशिरा आम्ही ती टॉवेलात गुंडाळून वर आणली. कायमची ठेवून घेण्याचा विचार तेव्हाही नव्हता. ती मोठी होईपर्यंत सांभाळायची आणि मग चांगल्या घरी द्यायची, एवढेच ठरले. मांजरांविषयीच्या हौशी लेखनात भर घालावी असा आमचा हेतू नाही. 'देणे' या क्रियापदाकडे आपण मराठी वाचक पुरेसे पाहत नाही अशी आमची तक्रार आहे, आणि ती या तीन पिल्लांच्या निमित्ताने मनात आली.

'हे तुम्ही कशाला अंगावर घेतले?' असे अनेकांनी विचारले. त्यावर आम्ही महिपतींच्या 'भक्तविजया'तली (१७६२) राका कुंभाराची कथा सांगत असू. भाजायच्या कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्ले घातली होती, आणि ते ध्यानात येण्यापूर्वीच आवा पेटला. राका काही मांजरे पाळणारा नव्हता. पिल्ले त्याच्या मडक्यात होती, एवढाच त्याचा आणि त्यांचा संबंध. पण तेवढ्याने त्याची झोप उडाली आणि त्याने पांडुरंगाला साकडे घातले. पिल्ले वाचली हा कथेतला चमत्कार झाला. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट त्याच्या आधीची आहे: न मागता आपल्या मडक्यात आलेला जीव ही आपली जबाबदारी, हे त्या कुंभाराला कोणी समजावून सांगावे लागले नाही. माणसांची मुले उपाशी असताना मांजरांचे कौतुक कशाला, या आक्षेपालाही आमचे उत्तर हेच. एक जबाबदारी दुसरीचे निमित्त सांगून टाळणाऱ्याने ती दुसरी तरी पार पाडलेली आहे, असे सहसा दिसत नाही.

अशा तात्पुरत्या सांभाळाला इंग्रजीत 'फॉस्टरिंग' म्हणतात, आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींच्या मराठीतही तोच शब्द रूढ आहे. भाषेच्या शिक्षकांना प्रतिशब्द शोधल्यावाचून राहवत नाही. प्रथम हाताशी आला तो 'पाळणे'. हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण मांजर पाळतो, शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो आणि शकुनही पाळतो. परंतु पाळलेले जनावर आपलेच होऊन राहते. त्यात पुढे देण्याची सोय नाही. दुसरा शब्द 'संगोपन'. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत तो जवळजवळ याच अर्थाने येतो: आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाचा, संस्थेबाहेर, एखाद्या कुटुंबात सांभाळ. तो आम्ही स्वीकारला. मात्र 'गुप्' या धातूत राखणे आहे तसे लपवणेही आहे. हा दुसरा अर्थ पुढे आमच्यावर उलटला.

तिसरा शब्द 'दत्तक'. आपण सर्रास 'दत्तक घेणे' म्हणतो आणि मनःचक्षूंसमोर घेणारा उभा राहतो: उदार, हौशी किंवा निपुत्रिक. वास्तविक या शब्दात घेणारा नाहीच. 'दा' म्हणजे देणे. दत्त म्हणजे दिलेला. इंग्रजी 'अडॉप्ट'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दात निवडण्याचा अर्थ आहे, म्हणजे तिथे घेणाऱ्याची मर्जी मुख्य. आपल्या शब्दाने मात्र देणाऱ्याची कृती धरून ठेवली आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या ११व्या कलमात हे स्पष्ट दिसते. दत्तहोम आवश्यक नाही; परंतु मूल प्रत्यक्ष दिले आणि घेतले गेले पाहिजे. कायद्यातली ही तरतूद माणसांच्या मुलांसाठी आहे, मांजरांचा तिच्याशी संबंध नाही, हे उघड आहे. आम्ही शब्दाचा अर्थ तेवढा उसना घेत आहोत. देणाऱ्यावाचून दत्तक नाही. मग देणारा नेमके काय करतो, याविषयी आपण इतके गप्प का?

देणाऱ्याचे काम पहिल्या रात्रीच सुरू होते. आठवडाभराच्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. शी-शूसुद्धा स्वतःहून होत नाही. आई चाटून जे करते ते आपल्याला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करावे लागते. आधी ऊब आणि मग दूध हा क्रम चुकवून चालत नाही, कारण गारठलेल्या पिल्लाला पाजणे धोक्याचे असते. दूधही गाईचे नव्हे. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी भुकटी मिळते, ती कालवून, पिल्लू पोटावर ठेवून पाजायची. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते. हे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मराठी भाषेने म्हणींपासून बडबडगीतांपर्यंत मांजराला पिढ्यान्‌पिढ्या गाईम्हशींचे दूध पाजले आहे. आमच्या पशुवैद्यांनी पहिल्याच दिवशी ते बंद करायला सांगितले. त्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि दीडशे ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे प्राणाशी गाठ. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून आम्ही ते वहीत लिहीत होतो. आदल्या दिवसापेक्षा दहा ग्रॅम वाढले की तो दिवस चांगला जाई.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले, निळे. मांजरांच्या पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात, खरा रंग पुढे येतो. नावे आमच्या विद्यार्थ्यांनी ठेवली: शाई, काजळ आणि बुक्का. पहिल्या दोन माद्या, तिसरा बोका. चौथ्या आठवड्यात ती वाटीतले मऊ खाणे खाऊ लागली, आणि हाक मारली की तिन्ही शेपट्या उभ्या करून धावत येऊ लागली. बुक्का तर तपासायच्या उत्तरपत्रिकांवरच येऊन झोपे.

याच सुमारास तो प्रश्न येऊ लागला, जो अशा प्रत्येक घरात येतो: 'द्यायचीच आहेत, तर एवढा लळा कशाला लावता?'

प्रश्न सहानुभूतीने विचारला जातो; पण त्यात एक चूक आहे. मांजराच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाळण्याचा काळ असतो. या दिवसांत ज्याला रोज माणसांचे हात लागतात, आवाज कानावर पडतात, ते पुढे अनोळखी घरातही माणसाकडे विश्वासाने जाते. या दिवसांत जे माणसांपासून दूर राहते, ते पुढे कितीही चांगल्या घरी गेले तरी बहुधा बिचकत राहते. म्हणजे ज्याला आपण 'प्रेमळ पिल्लू' म्हणतो, त्याचा प्रेमळपणा काही अंशी स्वभावाचा आणि बराचसा त्या पाच आठवड्यांतल्या हातांचा असतो. आपल्याला पुढे त्रास होईल म्हणून तेव्हा हात आखडता घेतला, तर किंमत पिल्लाला मोजावी लागते. द्यायचे आहे म्हणूनच लळा लावायचा असतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही हरणाच्या पाडसांभोवती फिरतात. भागवताच्या पाचव्या स्कंधातला राजा भरत राज्य सोडून वनात गेला. नदीकाठी, सिंहाच्या गर्जनेने भेदरलेल्या हरिणीचे पाडस आईवेगळे झाले. ते त्याने उचलून आणले, वाढवले, आणि अखेरच्या क्षणीही मनात तेच असल्यामुळे पुढच्या जन्मी तो हरीण झाला. कीर्तनकार ही कथा आसक्तीचा धडा म्हणून सांगत आले आहेत. 'लळा कशाला लावता' या प्रश्नामागे हाच भरत उभा असतो.

दुसरे उत्तर कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'च्या चौथ्या अंकात आहे. शकुंतला ही स्वतः कण्वांनी सांभाळलेली, आईबापांनी टाकलेली मुलगी. आणि आश्रम सोडताना तिचे वस्त्र ओढणारे पाडस हे तिने सांभाळलेले, आईवेगळे. त्याला तिने मूठमूठ धान्य भरवले आहे, दर्भाने चिरलेल्या तोंडाला तेल लावले आहे. निघताना ती त्याला कण्वांच्या हवाली करते. या अंकाविषयी वर्गात बोलताना आम्ही आजवर कन्येच्या पाठवणीवर भर दिला. सांभाळलेल्या मुलीने सांभाळलेले पाडस पुढे सोपवणे, ही देण्याची साखळी आमच्या नजरेतून निसटली होती. कण्व मुलीकडे परक्याची ठेव म्हणून पाहतात. मुलीच्या बाबतीत ही कल्पना आज आपण नाकारतो, आणि ती नाकारलीच पाहिजे. पण तात्पुरत्या सांभाळाला ती चपखल लागू पडते, कारण ठेवीत एक अट असते: ती आपली नाही, तरी आपल्या वस्तूपेक्षा अधिक जपायची.

भरताची माया कण्वांपेक्षा जास्त होती असे आम्हाला वाटत नाही. कण्वही विरक्त असून रडवेले होतात. फरक एवढाच की आपल्यावाचून त्या पाडसाचे आयुष्य कसे असेल, याची कल्पना भरताने केली नाही. कण्वांनी शकुंतलेसाठी ती केली होती.

कल्पना करणे सोपे नसते, हे आम्हाला जाहिरात लिहिताना समजले. पिल्ले आठ आठवड्यांची झाली, पहिली लस झाली, जंताचे औषध झाले. आम्ही छायाचित्रे काढली. काळ्या मांजराचे छायाचित्र काढणे कठीण. घरातल्या उजेडात नुसता काळा गोळा आणि दोन डोळे. म्हणून खिडकीतल्या उन्हात बसवून काढली. उन्हात काळ्या पिल्लाचे अंग तांबूस दिसते आणि त्यावर अंधुक पट्टेही दिसतात. जनुकांच्या हिशेबात ते बरोबरच आहे: मांजराच्या अंगावर मुळात पट्ट्यांची नक्षी असते आणि काळ्या रंगद्रव्याने ती झाकली जाते. छायाचित्रे छान आली. खाली आम्ही लिहिले: 'खेळकर, माणसाळलेली, सावळ्या रंगाची तीन पिल्ले.'

ते वाचून एका विद्यार्थिनीने वर्ग संपल्यावर विचारले, 'मॅडम, ही लग्नाची जाहिरात आहे का?'

आम्ही दोघेही ओशाळलो. निमगोरी, गहूवर्णी, सावळी. विवाहविषयक जाहिरातींतल्या या शब्दांवर आम्ही स्वतः वर्गात बोललेलो आहोत. रंग सांगण्याच्या मिषाने तो लपवणारी ही शब्दकळा मुलींचे काय करते, हे शिकवणाऱ्यांनी तीच शब्दकळा मांजरांसाठी वापरली होती. संगोपनातले गोपन ते हेच. आणि लपवायचे ते कोणत्या भाषेत? जिचे दैवत काळे, जिच्या वारकऱ्यांच्या कपाळी बुक्का, जिच्या गावगाड्यात शेतजमिनीला 'काळी' म्हणतात, त्या भाषेत. त्या रात्री आम्ही मजकूर बदलला: 'तीन पिल्ले. तिन्ही पूर्ण काळी आहेत.'

फोन कमी झाले. जे आले त्यांतून एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा ऐकू आली: 'आमचा स्वतःचा विश्वास नाही, पण...' या 'पण'च्या पुढे कधी सासूबाई असत, कधी भाडेकरूंबद्दल कुरकुरणारे घरमालक, कधी नुकताच सुरू केलेला व्यवसाय. गंमत म्हणजे एका घरच्या सासूबाईंशीच बोलणे झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'मला काही नाही हो, पण शेजारपाजारचे बोलतात.' या समजुतीला कुठेच धनी सापडत नाही. प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या नावावर सांभाळतो, आणि म्हणूनच ती टिकते. 'मांजर आडवे जाणे' या आपल्या वाक्प्रचारात तर रंगाचा उल्लेखही नाही. बोलणाऱ्याने तो आपल्या पदरचा घातलेला असतो.

याच्या उलट एक फोन आला. 'एकही पांढरा केस नको, अमावास्येच्या आत पाहिजे.' कशासाठी, याचे उत्तर त्या गृहस्थांनी दिले नाही. आम्ही पिल्लू दिले नाही. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्याची किंमत नरेंद्र दाभोलकरांनी त्याच वर्षी प्राण देऊन मोजली. तो कायदा अघोरी प्रथांना आणि फसवणुकीला आवर घालतो. घराघरांतल्या 'पण'ला तो हात लावू शकत नाही. तिथे फक्त देणारा उभा असतो, आणि नाही म्हणणे हाही देण्याचाच भाग आहे, हे त्याला शिकावे लागते.

काळ्या मांजरावर आळ घेण्याची रीत जुनी आहे, हे बंगालमधल्या षष्ठीच्या व्रतकथेत दिसते. घरातली धाकटी सून खाणे चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजराला मार बसतो. ते मांजर असते षष्ठीदेवीचे वाहन, आणि मुलांची राखण करणारी ती देवी त्या सुनेची मुलेच हिरावून घेते. पुढे सून क्षमा मागते तेव्हा ती परत मिळतात. आपली सटवाई ही त्याच षष्ठीची मराठी बहीण. बाळाच्या पाचवी-सहावीला तिची पूजा करणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट मात्र आली नाही. आली असती, तर आमचे काही फोन वेगळे झाले असते, असे आपले वाटते.

शाई आणि काजळ यांना एका जोडप्याने एकत्र नेले. बुक्काला दहाव्या आठवड्यात एका सुशिक्षित, सुस्थितीतल्या कुटुंबाने नेले. तीन आठवड्यांनी त्यांनी तो परत आणला. घरात कोणी घसरून पडले होते, मग गाडीला अपघात झाला होता. 'योगायोगच असेल, पण...' ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी त्याचे उरलेले खाणेही सोबत आणले होते. बुक्का चार दिवस कपाटाखालून बाहेर आला नाही. हात पुढे केला की मागे सरके. जो उत्तरपत्रिकांवर झोपत असे, तो.

प्रारंभी आम्हाला त्या कुटुंबाचा राग आला. शांतपणे विचार केल्यावर चूक आमचीही दिसली. घरात आणखी कोण आहे, त्यांना विचारले का, मांजर आजारी पडले तर खर्च कोण करील, गावाला जाताना काय कराल, खिडक्यांना जाळ्या आहेत का. यांतला एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता. फोन कमी येत होते, आणि काळ्या पिल्लाला कोणी घेते आहे याचीच आम्हाला कृतज्ञता वाटली होती. मुलीच्या बापाची अजीजी आमच्या आवाजात आली होती. घेणाऱ्याचे उपकार मानण्याच्या भरात आम्ही देणाऱ्याचे काम विसरलो, आणि त्याचे परिणाम बुक्काने भोगले.

नोव्हेंबरात एक निवृत्त गृहस्थ आले. तोवर बुक्काच्या सर्व लसी आणि नसबंदी झाली होती, आणि तो पुन्हा मांडीवर येऊ लागला होता. त्यांनी रंगाविषयी काही विचारले नाही. नाव ऐकून मात्र हसले. आम्ही प्रश्नांचा कागद काढण्यापूर्वी तेच म्हणाले, 'मी दरवर्षी वारीला जातो. आषाढात तीन आठवडे घरी नसतो. तेवढे दिवस सून सांभाळणार आहे, तिला विचारूनच आलो.' आपण नसताना या जिवाचे काय, याचा विचार करून आलेला माणूस आम्हाला पाच महिन्यांत प्रथमच भेटला होता. दोन दिवसांनी ते सुनेला घेऊन आले आणि बुक्का गेला. टोपली देताना आमच्यापैकी एकाचा हात लवकर सुटेना, हे नमूद केले पाहिजे.

'तुम्हीच का नाही ठेवून घेतलात?' असे अजूनही विचारले जाते. ठेवून घेतला असता, तर घर भरले असते आणि पुढच्या टोपलीला जागा उरली नसती. या कामात माणसे कमी आहेत ती याच टप्प्यावर. घेणारे तरी अधूनमधून भेटतात. आठ-दहा आठवडे सांभाळून हातातले सोडून देणारे फार थोडे. आमच्या वाचकांत शिक्षक आणि विद्यार्थी बरेच आहेत. ज्यांच्याकडे एक रिकामी खोली आणि रात्री उठण्याची तयारी आहे, त्यांनी आपल्या गावातल्या पशुवैद्यांकडे नुसते नाव नोंदवून ठेवावे. पावसाळ्यात बोलावणे येतेच. जे पिल्लू काळे असेल, ते बहुधा सर्वांत जास्त दिवस राहील. त्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.